मुदत नसलेली रीत

भोयरभाऊंच्या हातात चहाचा कप दिला की ते आधी चहाकडे बघत नसत, चहावाल्याकडे बघत.

"काई बदललं का?"

दूध तेच, गूळ तोच, पातेलं तेच असं उत्तर आलं, की डोळे झाकून पीत. पण म्हैस आटली म्हणून शेजारच्या गाईचं दूध घातलंय असं कळलं, तर एकच घोट घेत, कप खाली ठेवत आणि पोटात काय होतंय याची वाट बघत बसत. मग म्हणत, "पास." तोवर चहाचं पाणी झालेलं असे. तेही पीत. थंड होणं हा त्यांच्या मते बदल नव्हता.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं, आणि तिकडच्या रस्त्यावर जंगलातल्या एका नदीवर लोखंडी पुलाचं काम चाललं होतं. भोयरभाऊ वेल्डिंगचे इन्स्पेक्टर, मी स्टोअरकीपर. दिवसभर जनरेटरची घरघर, धूर, ओल्या सागाच्या पानांचा कुजका वास आणि दिवस मावळायच्या आधीच झाडांतून येणारा अंधार. तिथे कुणी हसलं तरी खोकल्यासारखं ऐकू येई.

जोड मारण्याआधी त्याची रीत ठरायची. लोखंड कोणतं, रॉड कोणता, करंट किती. त्या रीतीनं एक पट्टी जोडायची, कापायची आणि बरोबर जोडावरच वाकवायची. चीर गेली नाही, तर रीत पास. एकदा ठेकेदाराच्या मुनीमानं शंका काढली, "भोयरसाहेब, ही परीक्षा तर मागच्या साली झाली. अजून चालते?"

"काई बदललं का?"

"नाही."

"मंग मुदत कायची? मी मरन तरी ते रीत चालन. मानसाचं येगळं. वेल्डरनं सहा महिने होल्डर धरला नाई, तर त्याची परीक्षा पुन्हा. रीत इसरत नाई, मुनीमजी. मानूस इसरते."

हे मी कान देऊन ऐकलं आणि लगेच विसरलो. पुढच्याच महिन्यात रॉड संपले. नागपूरला गेलो, नेहमीचे मिळाले नाहीत, तर तेवढ्याच जाडीचे, पण दिसायला जास्त देखणे असे दुसरे घेऊन आलो. शाबासकीच्या आशेनं पेटी स्वतः डोक्यावर वाहून नेली. भाऊंनी एक रॉड उचलला, वरचा लेप नखानं खरवडला.

"काऊन बदलले?"

"दुकानदार म्हणाला, यापेक्षा चांगले आहेत."

"दुकानदार पुलावरून जाईन का, तू जाशीन?"

काम थांबलं. नव्या पट्ट्या, नवी परीक्षा. ठेकेदार माझ्या नावानं असा ओरडला, की झाडावरची माकडं जागा सोडून गेली. त्या दिवसापासून वेल्डर मला 'बदलबाबू' म्हणू लागले. माझं खरं नाव तिथे पूल संपेपर्यंत कुणाला लागलं नाही.

भाऊ आणि मी एकाच टिनाच्या खोलीत राहायचो. दर रविवारी दुपारी ते काळ्या मातीच्या गाडग्यात सुकट झिंगे आणि वांगी शिजवत. दोन ताटं मांडत. पहिल्या रविवारी मी हात धुऊन ऐटीत दुसऱ्या ताटावर जाऊन बसलो. भाऊंनी पळी गाडग्यातच ठेवली.

"उठ बाबू. ते ताट पास करनारीचं हाय."

मी उठलो. माझं त्यांनी वेगळ्या थाळीत वाढलं. ते ताट मात्र रिकामंच राहिलं. जेवण झाल्यावर भाऊंनी तेही धुतलं.

पास करणारी म्हणजे त्यांची बायको, काशीबाई. ती पोंभुर्ण्याला माहेरी होती. त्यांची एकुलती एक पोर तापानं गेली, तेव्हा भाऊ दूरच्या साईटवर होते. पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. काशीबाई भावासोबत निघून गेली. झिंग्यांची रीत तिची, म्हणून चव पास करणारीही तीच.

"भांडलो नाई, हाकललं नाई," भाऊ सांगत. "गाडगं तेच, रीत तेच. काई बदललं नाई. मंग मुदत कशी संपन? येईन ते."

आणि माझी जीभ! रॉडवरून खाल्लेल्या शिव्यांचं उट्टं काढायची ती संधी वाटली मला. म्हटलं, "भाऊ, रीत राहिली हो. पण माणसाचं काय? तुम्ही तिला भेटून सहा महिन्यांच्या वर झालेच असतील. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल!"

स्वतःच्या विनोदावर मी एकटाच हसलो. भाऊंचा घास हातातच राहिला.

पुढच्या रविवारी ते पहाटेच उठले, दाढी केली, गाडगं धोतराच्या फडक्यात बांधलं आणि पोंभुर्ण्याकडच्या मोटारीत बसले. मी दिवसभर फाटकाशी घुटमळत होतो. ती येईल तर आपण कुठे झोपायचं, हेही मनात ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी भाऊ एकटे उतरले. हातात गाडगंही नव्हतं.

"काय झालं, भाऊ?"

"दार तिनंच उघडलं. कोन पायजे, म्हने."

"मग?"

"मंग ओळखलं. चुलीपाशी जाऊ देल्लं. शिजवलं, वाढलं. जेवली." ते बराच वेळ बूट सोडत राहिले. "म्हने, चव तेच हाय."

"म्हणजे पास की!"

"हो. रीत पास हाय." दुसरा बूट निघाला. "म्हने, मीच ते राह्यली नाई. गाडगं इथीच ठेवा, म्हने, अन् तुमी जा."

पुढच्या रविवारी भाऊंनी बाजारातून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात झिंगे शिजवले. दोन ताटं मांडली. मी आपली थाळी घेऊन कोपऱ्यात बसलो होतो.

"बस इथी," दुसऱ्या ताटाकडे बोट करून ते म्हणाले.

मी बसलो. भाऊंनी एकच घास घेतला, हात ताटावर ठेवला आणि वाट बघत बसले. मीही न जेवता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाहेर जनरेटर बंद होता. कालवण गार होऊन वर तेलाचा तवंग धरला, तरी त्यांनी 'पास' म्हटलं नाही.

शेवटी मीच म्हणालो, "पास, भाऊ."

"जेव तू," ते म्हणाले.