आधी माणूस, मग आकडा

शिवगंगाबाईंचं गणिताच्या पुस्तकातल्या माणसांशी कायम भांडण असायचं. 'एका टाकीला दोन नळ आहेत' एवढं वाचलं, की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या.

"एक नळ टाकी भरतोय, दुसरा रिकामी करतोय, आणि हा बाबा नुसता बघत उभारलाय. सोलापुरात ऱ्हाऊन? ह्याच्या घरात कुणी बाईमाणूस न्हाय काय?"

शुक्रवार पेठेत आमच्या समोरच त्यांचं घर. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गल्लीतली पोरं जमतातच. त्याच ओट्यावर मी शिकले आणि आता माझी मुक्ता शिकते.

शाब्दिक उदाहरण आलं की बाई आपल्या बोटांनी त्यातले आकडे झाकायच्या. "आता वाच."

"सविताकडे काही पेरू होते. तिने काही पेरू वाटले."

"सविता कोण? पेरू कुटनं आणले तिनं? का वाटले?"

मग आम्ही सुटायचो. सविताचे पेरू अकलूजच्या मामाच्या मळ्यातले निघायचे. कुणी तिला कंजूष ठरवायचं, कुणी तिची बाजू घेऊन भांडायचं. भांडण रंगात आलं की बाई आकड्यांवरची बोटं उचलायच्या. "आधी माणूस, मग आकडा! आता सांगा, सविताचे पेरू वाढले की कमी झाले?" तोवर गल्लीतल्या म्हशीलाही उत्तर आलेलं असायचं.

एकदा माझ्या वडिलांनी हटकलं, "बाई, परीक्षेत पेरू कुठून आणले ते विचारत नाहीत."

"न विचारू दे की! पोरीला पेरू दिसायला तर पायजेत."

मुक्ता यंदा तिसरीत गेली आणि घरात गणित शिरलं. दोन आकडे दिसले की ती डोळे मिटून बेरीज करायची. बसमध्ये वीस माणसं होती, आठ उतरली. मुक्ताचं उत्तर अठ्ठावीस. वर्ग हसला. तेव्हापासून गणिताच्या तासाला तिचं पोट दुखायला लागलं. शेवटी हाताला धरून मी तिला बाईंकडे नेलं.

बाईंनी वही बघितली. "उतरलेली माणसं टपावर चढवलीस काय गं?"

मुक्ता खुदकन हसली. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरच्या गणिताला तरी तिचं पोट दुखेनासं झालं.

परवा मी तिला आणायला गेले, तेव्हा भागाकार चालला होता. ओटा म्हणजे रिक्षा स्टँड, एका रिक्षात तीन पोरं. भराभर गट झाले आणि मुक्ता एकटी उरली. पोरं ओरडायला लागली, "मुक्ता बाकी! मुक्ता बाकी!"

बाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिचा हात धरला. "बाकी म्हंजे टाकलेली न्हवं रे. तिची रिक्षा अजून यायची हाय, एवढंच."

पोरं पांगली. मुक्तानं हात सोडला नव्हता.

"बाई, तुम्ही कधी उरला होता?"

"लई येळा." बाई ओट्यावर टेकल्या. "आमचं गाव अक्कलकोटच्या पल्याड. घरात नुसतं कन्नड. हितं मामाकडं आले, मराठी शाळेत बसले. पाढे घडाघडा यायचे बघ. पण उदाहरणात कोण आलं, कोण गेलं, काय बी कळायचं न्हाय. ओळखीचे काय ते आकडे. मग त्यांची बेरीज करून टाकायची."

"मास्तर ओरडायचे?"

"न्हाय गं. मला सोडून पुढच्या पोरीला विचारायचे."

इतकी वर्षं समोर राहून बाईंच्या तोंडून आम्ही कन्नड कधी ऐकलं नव्हतं.

"मला एक उदाहरण कन्नडमध्ये सांगा," मुक्ता म्हणाली.

"तुला न्हाय कळायचं."

"तुम्ही सांगा की!"

बाईंनी पदर सारखा केला. "ओंदु ऊराग ओब्ब हुडुगी इद्दळु…" हुडुगी म्हणताना त्यांचा हात नकळत आपल्या छातीवर गेला.

मुक्तानं त्या हाताकडे बघितलं. "एका गावात एक मुलगी होती?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "होती."

मुक्ता सरकून त्यांना चिकटून बसली. "मग? पुढं?"

बाई हळूहळू कन्नडमध्येच पुढचं सांगू लागल्या. मी मुक्ताला हाक मारली नाही. ओट्याखालीच उभी राहिले.