पांढऱ्या बागेचा पंचनामा

सत्तारचाचांच्या अंगणात नवं झाड पहिल्यांदा फुललं की त्याचा पंचनामा व्हायचा. कागदावर झाडाचं नाव, वाफ्याचा क्रमांक आणि खाली ठसठशीत ओळ : ‘सदर फुलाच्या पाकळ्या आतून-बाहेरून तपासल्या असता पांढऱ्या आढळल्या.’ त्याखाली दोन पंचांच्या सह्या. पंच म्हणजे मी आणि शेजारचे कुलकर्णीकाका. काका चष्मा नसतानाही सही करत. मी नीट पाहिल्याशिवाय करत नसे.

चाचा सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले. शहर चितेगावच्या दिशेनं पसरत गेलं, ते आधी यांच्या टेबलावर. आता राज्य अंगणातल्या चार वाफ्यांपुरतं उरलं होतं, पण आराखडा त्याच थाटाचा : तगर, मोगरा, जाई, अनंत आणि मधोमध कण्हेर. सगळं पांढरं. दुसरा रंग दिसला की हद्दपार. पारिजातकासाठी मी केवढी रदबदली केली!

“देठ कोणत्या रंगाचा?”

“केशरी.”

“मग नापास.”

“चाचा, देठ कोण बघतं?”

“पंच बघतेत ना!”

दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मी गल्लीत पत्रक वाटत होते : ‘माणसं तहानलेली असताना शोभेच्या बागा हा गुन्हा आहे!’ पहिली प्रत चाचांच्याच दारात. त्यांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, नीट घडी घातली.

“बरोबर हाय तुझं. चल, गुन्हा दाखवतो.”

मागच्या अंगणात ते नमाजाआधी वजू करत, म्हणजे हात-तोंड-पाय धूत. त्या ओट्याखालून विटांचा चर निघाला होता, तो थेट मोगऱ्याच्या मुळाशी.

“दिवसातून पाच येळा. लोटाभर पाण्यात मी बी पाक, मोगरा बी पाक. आता छाप हे!”

मी उरलेली पत्रकं पिशवीत घातली. महिन्याभरात आमच्या मोरीतूनही तसाच चर निघाला.

त्या उन्हाळ्यात चाचांचा सगळा जीव कण्हेरीत अडकला होता. रोप फुलंब्रीहून आणलेलं. बाकी सगळं फुललं, ही तेवढी राहिलेली. “ही फुलली की नकाशा पुरा,” म्हणत ते रोज फेऱ्या घालायचे. अखेर एका सकाळी हाक आली, “बेटा, पेन घेऊन ये!”

चाचांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. पंचनामा लिहून तयार, काकांची सही झालेली. मी झाडाकडं पाहिलं. फूल फिकट गुलाबी होतं.

“चाचा, मी सही करणार नाही.”

“का गं?”

“गुलाबी आहे.”

“मजाक नक्को.”

“खरंच.”

चाचांनी ते फूल वाकून पाहिलं. मग तगरीचं एक तोडून त्याच्याशेजारी धरलं. बराच वेळ धरलं. मग पायरीवर बसले.

“मला दोन्ही एकच दिसतेत.”

रंग त्यांना जन्मापासून नीट कळत नव्हते. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोलले नाहीत. नकाशे घरी आणायचे आणि रंग सलमाचाची भरायच्या.

“सगळी नोकरी अशीच काढली. सलमा शाईच्या बाटल्यांवर रंगांची नावं लिहून ठेवायची. दुकानात मी भलताच कपडा उचलला की हळूच चिमटा काढायची. ती गेली, अन् मला भरवशाचा एक पांढराच राहिला. त्यात बी फसलो.”

पत्रकात खऱ्याची बाजू घेणं सोपं असतं. इथं खरं बोलले आणि तोंड लपवावंसं वाटलं.

“उपटून टाकू का?” मी विचारलं.

“नक्को. ऐन दुष्काळात फुललंय बिचारं.” त्यांनी सरकून पायरीवर जागा केली. “बस. गुलाबी कसा असतो, सांग.”

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला शब्द असतात. त्या दिवशी एक सापडेना.

“लहान पोराचे गाल असतात ना...”

“ते बी मातकटच दिसतेत मला. दुसरं सांग.”

मी विचार केला. “हिवाळ्यात गार पाण्यानं तोंड धुतल्यावर गालांना जरा झिणझिण्या येतात. तसा.”

चाचांनी डोळे मिटले, गालावर तळहात ठेवला.

“अस्सं,” ते म्हणाले. “आता जांभळा सांग.”