दादाच्या गळ्यातली डबी

दादा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याची डबी माझ्या गळ्यात अडकवली. एवढंच केलं. (मी नेहमी एवढंच करतो, पुढचं आपोआप होतं.)

डबी म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. अंगददादाला कंपवात होता. हात थरथरायचे आणि दाराशी आला की पाय जमिनीला चिकटायचे. मग मी माझा पाय आडवा टाकायचो. तो ओलांडून दादा बराबर पुढं जायचा. नवी गोळी सुरू करून अंगात ताकद किती ते मोजायला शहरातल्या दवाखान्यानं महिनाभरासाठी डबी दिली होती. माणूस किती चालला, खुर्चीतून कसा उठला, सगळे आकडे घरातल्या मोबाइलवरून तिकडं जायचे. बाराव्या दिवशी दादा दुपारी झोपला तो उठलाच नाही.

वंदनावहिनी त्याचे कपडे बांधत होती, त्यात डबी दिसली. हिरवा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, हा दिवा आहे तोवर तिकडच्या कॉम्प्युटरात दादा चालतोय. बंद कशाला करा?

आठवड्यानं फोन आला.

"दवाखान्यातून आकांक्षा बोलते. अंगदराव कसे आहेत?"

"बरे हायेत," मी म्हणालो. (तोंडातून निघून गेलं.)

"आकडे खालावलेत हो. दिवसभर बसून असतात. उठताना दोनदा तोल जातो. फार अशक्त झालेत."

दादाचा हा अपमान मला सहन झाला नाही. तसाच चपला घालून निघालो.

रोज पिंपळगावच्या रेणुकाईच्या देवळापर्यंत जायचो, यायचो, पुन्हा जायचो. दोन्हीकडं कापूस फुटलेला, दुपार पांढरीशुभ्र. दादा अर्धं पाऊल मागं चालतोय असं वाटायचं. देवळाच्या दारात मी पाय आडवा टाकायचो आणि जरा थांबायचो.

"कुणाची वाट पाहून राह्यला रे भारत?" देवळाच्या पायरीवर बसलेल्या कडूबामामानं विचारलं.

"दादा येऊन राह्यलाय."

मामानं बाजूला सरकून वाट करून दिली.

दुसरा फोन आला तेव्हा आकांक्षाताई ओरडतच होत्या. "चमत्कार! डॉक्टर म्हणतात, नवी गोळी लागू पडली. आता बाकीच्या पेशंटलाही वाढवून देणार!"

तिकडं कुणाकुणाचे दादा असतील.

"ताई, गोळी वाढवू नका. दादा वारला. सतरा दिवस झाले."

"मग चाललं कोण?"

"मी."

तिकडं कॉम्प्युटरची बटणं वाजली.

"आणि आधीचा आठवडा? तो तोल जाणारा?"

"तोबी मीच."

"वय काय तुमचं?"

"चौतीस."

"भारतराव," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डबी परत आणाल तेव्हा स्वतःलाही दाखवून घ्या. त्या आठवड्यापेक्षा अंगदरावांचे आकडे चांगले होते."

डबी काढली. बाहेर पडायला गेलो तर दारातच पाय हलेना. वहिनीनं फोनच्या स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. ती आली आणि तिनं तिचा पाय आडवा टाकला. मी ओलांडला.

सतरा दिवसांत वहिनी पहिल्यांदा हसली.

"भावजी, हे कायम म्हणायचे, आजारी मी हाय आन् बसून ऱ्हातो भारत. मला वाटायचं, चिडून म्हणतेत. आता मशीनबी तेच म्हणून राह्यली."