मियाली आजींचे हे

जुसिपीला स्वतःचं घर हवं होतं. फार मोठं नको. बायकोशी भांडायचं झालं तर हलक्या आवाजात भांडावं लागू नये, एवढंच. लग्न झाल्यापासून तो उलायुच्या, म्हणजे बायकोच्या, आजीच्या घरात राहत होता. मियाली आजीचा पलंग दारासमोरच. तिथून तिला अख्खं घर दिसायचं, आणि घरात बघण्यासारखं तिच्या मते एकच होतं, ते म्हणजे जुसिपी काय चुकतोय ते. त्यात आता उलायुला दिवस गेले होते.

जुसिपी वन्यजीव खात्यात फील्ड टेक्निशियन होता, पण हंगामी. भुलीचं औषध देऊन झोपवलेल्या पांढऱ्या अस्वलाचे दात तपासायचे, त्याच्या कानाला माग काढायचं यंत्र बसवायचं आणि हेलिकॉप्टरमध्ये साहेबांची कॉफी सांडणार नाही याची काळजी घ्यायची, असं कामाचं स्वरूप. नोकरी कायम झाली तर खात्याचं घर मिळणार होतं. नाहीतर उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या या गावात घरासाठीची रांग अशी आहे की शहाणे लोक न झालेल्या नातवंडांचाही नंबर लावून ठेवतात.

त्या वसंतात दक्षिणेतल्या मुख्य कचेरीला एकाएकी आमच्या संस्कृतीबद्दल आदर वाटू लागला. अस्वलांना नुसते आकडे देणं बरं नव्हे, यापुढे प्रत्येक अस्वलाला स्थानिक नाव द्यावं आणि ते वेबसाइटच्या नकाशावर झळकावं, असं फर्मान निघालं. काढलं वेंडेल साहेबांनी. साहेब अस्वलांचे गाढे अभ्यासक. जागं अस्वल मात्र त्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात जुसिपी समुद्राच्या बर्फावर एका दांडग्या नर अस्वलाशेजारी गुडघे टेकून बसला होता. यंत्र बसवून झालं. बोटं लाकडासारखी झाली होती आणि फोनवर कचेरीतली बाई घाई करत होती.

"नाव सांगा लवकर. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"थांबा हो, सुचू तर द्या." तेवढ्यात अस्वल घोरायला लागलं. आधी लांबलचक खर्रर्र, मग जीव गेल्यासारखी शांतता, मग फूस्स. जुसिपीला हसू आवरेना. मियाली आजीचा नवरा अलारियाक जिवंत असताना जुसिपीने हेच घोरणं पडद्यापलीकडून दोन हिवाळे ऐकलं होतं. "अरे, हा तर अगदी अलारियाक!" तो बोलून गेला.

"अलारियाक," पलीकडे बटणं वाजली. "छान. धन्यवाद." आणि फोन बंद.

आता परक्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्याकडे नाव म्हणजे नुसती हाक मारायची सोय नव्हे. गेलेल्या माणसाचं नाव ज्याला दिलं, त्याच्या रूपाने ते माणूस परत येतं, आणि त्याची सगळी नाती त्याला लागू होतात. दुकानदाराची शेंबडी पोर आमच्या पाद्र्याच्या आईच्या नावाची आहे. पाद्री तिला 'आई' म्हणतो आणि ती त्याला सगळ्यांदेखत झापते. कुणी हसत नाही.

जुसिपी घरी पोचायच्या आत गावच्या रेडिओवर बातमी लागली होती. आजी चक्क पलंगावरून खाली उतरली होती.

"उलायु, सीलचं मांस काढ. चरबीचं काढ. हे परत आलेत."

"हे म्हणजे कोण?"

"कोण काय? तुझे आजोबा!"

"आजी, ते अस्वल आहे," जुसिपी म्हणाला. "साडेचारशे किलोचं."

"मग तब्येत सुधारली म्हणायची. शेवटी शेवटी नुसती हाडं राहिली होती." आजीने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे मायेने पाहिलं. "जावईबापू, तुम्ही आयुष्यात एक काम धड केलंत."

मांस किनाऱ्यावर ठेवलं गेलं. अस्वलाला नाक असतंच. ते दुसऱ्या दिवशी आलं, जेवलं, आणि चर्चच्या मागे आडवं होऊन घोरू लागलं. आजी लांबून बघत म्हणाली, "हेच ते. जेवले की आडवे."

गावात अस्वल शिरलं की बार काढून त्याला हाकलायचं काम पॉलुसीचं. जुसिपी त्याच्याकडे पळत गेला.

"बार काढ की! बघतोस काय?"

"मामावर?" पॉलुसी दचकलाच. अलारियाक त्याच्या आईचा सख्खा भाऊ. "मामावर बार काढला तर आई मला घरात घेईल का?"

"अरे, मामाला एवढाले दात आहेत!"

"पूर्वी नव्हते ना, तीच तर तक्रार होती बिचाऱ्याची."

एनुकीचं तर भलतंच. त्याने अलारियाककडून होडीचं इंजिन उसनं नेलं होतं आणि म्हातारा जाईपर्यंत परत केलं नव्हतं. अस्वल रोज त्याच्या घराकडे तोंड करून बसतं, असं त्याच्या बायकोच्या लक्षात आलं. एनुकीने इंजिन घासूनपुसून किनाऱ्यावर नेऊन ठेवलं. अस्वलाने त्याची रबरी नळी चावून बघितली. "अजून राग गेलेला नाही," एनुकी हताश होऊन म्हणाला.

चौथ्या दिवशी वेंडेल साहेबांचा फोन आला.

"जुसिपी, तुमच्या अस्वलाचा ठिपका चर्चच्या मागे दिसतोय."

"हो साहेब. ते नाव बदला ना, बाकीचं मी बघतो."

"असं कसं? स्थानिक नाव बदलायला कुटुंबाची संमती लागते. आपण संस्कृतीचा आदर करतो."

"अहो, अस्वलाचं कसलं कुटुंब?"

"अस्वलाचं नव्हे, नावाचं. आणि हे बघा, शुक्रवारी मी पाहुणे घेऊन येतोय. तोवर अस्वल बर्फावर गेलं पाहिजे. तुम्हाला कायम करायचं का, तेही तेव्हाच ठरवू."

 जुसिपीच्या डोळ्यांसमोर खात्याचं घर आलं, त्याला दार होतं, आणि दारासमोर पलंग नव्हता. त्याने स्वतःच बार काढायची बंदूक उचलली आणि तडक चर्चमागे गेला. तिथे आजी वाटेत उभी.

"घरच्या माणसावर बार काढतोस? राहतोस कुणाच्या घरात?"

"तुमच्या."

"माझ्या कुठलं! ह्यांच्या. बायकोही ह्यांचीच नात. आणि वर ह्यांनाच हाकलतोस!"

बंदूक खाली ठेवून जुसिपी घरी आला आणि उलायुशी हलक्या आवाजात भांडला.

पण अस्वलाच्या मनात वेगळंच होतं. वसंत होता तो. बुधवारी ते आपण होऊन उठलं आणि बर्फावर चालतं झालं. जुसिपीने सुटकेचा निःश्वास सोडला. गाव मात्र वेबसाइटला चिकटून बसलं होतं, कारण अलारियाकच्या ठिपक्याशेजारी आता दुसरा ठिपका होता आणि त्यावर 'लुसी' असं लिहिलं होतं. गुरुवारी सकाळी रेडिओने सांगितलं, "वारा कमी राहील. अलारियाक आणि लुसी अजून एकत्रच आहेत."

आजीने रेडिओ बंद केला. "ही लुसी कोण?"

"पलीकडच्या गावाने नाव दिलेली मादी," जुसिपी जपून म्हणाला.

"पलीकडचं गाव! मला शंका होतीच. लग्नाआधीसुद्धा तिकडे चकरा मारायचे, म्हणे कुत्री बघायला जातो." आजीचा आवाज चिरकला. "इथे मी मांस कापून कापून हात दुखवून घेते आणि हे जेवून तिच्याकडे जातात? जावईबापू, काढून घ्या ते नाव!"

"नक्की?"

"आत्ताच्या आत्ता. बाळाला द्यायचं. डोळ्यांसमोर राहतील. आता मी ह्यांना क्षणभर नजरेआड होऊ द्यायची नाही."

जुसिपीला इतका आनंद झाला की या शेवटच्या वाक्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

शुक्रवारी साहेब आले. नवा कोरा लाल कोट, मागे तीन पाहुणे. गावच्या सभागृहात सगळे जमले. आजीने मान डोलावून संमती दिली. साहेबांनी संगणक उघडला आणि अडचण सांगितली. "पण नाव काढलं की रकाना रिकामा राहतो. दुसरं काहीतरी हवं."

"साहेब," जुसिपी चेहरा सरळ ठेवून म्हणाला, "गावाच्या मनात तुमचं नाव आहे."

"माझं?" साहेबांचा चष्मा धुरकटला. "हा फार मोठा मान झाला!"

आजीने जुसिपीला जवळ ओढून आपल्या भाषेत विचारलं, "ह्या माणसाचं गावात कुणाशी नातं आहे?"

"कुणाशीच नाही."

"मग उत्तम."

"काय म्हणाल्या?" साहेबांनी उत्सुकतेने विचारलं.

"म्हणाल्या, उत्तम."

साहेबांनी भरल्या डोळ्यांनी बटण दाबलं. नकाशावर 'वेंडेल' उमटलं. आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की वेंडेलजवळ लुसी नाही. तिने त्याला हाकललं असावं, कारण ठिपका थेट सभागृहाकडे येत होता. बाहेर कर्ण्यावर पॉलुसीचा आवाज कडाडला, इतक्या दिवसांचा कोंडलेला.

"वेंडेल घुसलाय! लेकरं आत घ्या! अरे, वेंडेल कचऱ्यात तोंड घालतोय! हाण त्याला! काय निर्लज्ज आहे रे हा वेंडेल!"

धडाधड बार निघाले. दुकानदार पातेली बडवत धावला, पाद्री घंटा बडवत धावला, आणि एनुकी ओरडला, "वेंडेल, माझ्या इंजिनाला हात लावशील तर याद राख!" साहेब टेबलाखाली होते. पाहुणे फोटो काढत होते. पाचच मिनिटांत अस्वल बर्फापार पळालं आणि पुन्हा गावाकडे फिरकलं नाही.

साहेबांनी अहवालात लिहिलं की नामकरण योजनेला स्थानिकांचा अभूतपूर्व सक्रिय प्रतिसाद मिळाला. जुसिपी कायम झाला. उन्हाळ्यात बाळ आलं आणि पाठोपाठ घराची किल्लीही आली. बाळ मुलगी होती, पण नाव ठरलेलं होतं. "अलारियाक," आजी तिच्या इवल्याशा मुठीला नाक लावत म्हणाली, "अहो, किती वाळलात हो!"

सामान हलवायच्या दिवशी जुसिपी शीळ घालत शेवटची पेटी घेऊन नव्या घरी पोचला. दार उघडलं. दारासमोर पलंग होता, आणि पलंगावर बाळाला मांडीवर घेतलेली मियाली आजी.

"आजी, तुम्ही इथे?" तो ओरडला.

"मग कुठे राहू? नवरा इथे आणि मी तिकडे? एकदा सोडलं मोकळं, तर काय झालं पाहिलंत ना!" आजीने ओठांवर बोट ठेवलं. "आणि जावईबापू, या घरात जरा हळू बोलत जा. ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय."