मेलेला साबण

दिगंबरकाका किराणा दुकानात शिरले की पहिला प्रश्न विचारतात, "मेलेला साबन हाय का?"

दुकानदार नवा असेल तर गांगरतो. मग काका समजावतात, "दाढीचा रे. डबीतली गोल वडी. मागच्या फळीवर बघ, उंदरांच्या बाजूला." धर्मापुरीपासून लिंबागणेशपर्यंत जुन्या दुकानांच्या मागच्या फळ्या त्यांनी अशाच धुंडाळल्या आहेत. त्या वड्यांचा कारखाना कधीच बंद पडला. सापडतात त्या तडकलेल्या, दगडासारख्या, वास उडालेल्या.

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बीडला आमच्या शेजारी राहतात. मेलेला साबण ते काकूंच्या खोबऱ्याच्या किसणीवर किसतात, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात ग्लिसरीन घालून मऊ करतात, वासाचं काहीतरी टाकून कणकेसारखा मळतात आणि माझ्या सभांच्या उरलेल्या पत्रकांवर सुकत घालतात. "तुझ्या पत्रकाचा कागद लई गुनाचा. वाचत कुनी न्हाई, पन ओल वढतो." काकूंनी खोबरं किसणं सोडून दिलं आहे.

डब्यातून फुस्स करून येणारा फेस काकांना नामंजूर. पुतण्याच्या लग्नात न्हाव्यानं तो वापरलाय हे अर्ध्यात लक्षात आलं, तसे ते उठले. लग्नाच्या फोटोत त्यांचा एकच गाल गुळगुळीत आहे. "फेस मनगटानं काढायचा असतो, बटनानं न्हाई."

इसाकभाई त्यांच्या गाडीचे कंडक्टर. वर्षानुवर्षं दोघं जोडीनं. मुक्कामाच्या गावी सकाळी एक आरसा, एक ब्रश, एक साबण. ब्लेडं तेवढी आपापली. इसाकभाईंनी जन्मभर दाढी ठेवली नाही, नातेवाईक बोलत राहिले तरी. आता अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. उजवा हात चालतो, आणि कुणी फेस घेऊन आलं की तो हात ढकलून देतो. दाढी वाढून नुसती खाज. शेवटी मुलांनी ठरवलं, शुक्रवारी चौघांनी धरायचं आणि मशीन फिरवायची.

"धरून?" काका म्हणाले. "बोकड हाय का त्यो?"

आमच्या गल्लीतल्या शहाण्यांना वेगळीच काळजी. चहाच्या टपरीवर एकानं हटकलंच, "काका, रोज त्यांच्या मोहल्ल्यात कावून जाता?"

"दाढी करायला. तुमची बी वाढली असंल तर चला, संगंच उरकतो."



मंगळवारी मीच त्यांना गाडीवर घेऊन गेलो. नव्या वडीत त्यांनी कापूर मळला होता. "आरतीचा वास. मानूस कसा परसन्न झाला पायजे."

ब्रश गालाजवळ जाताच इसाकभाईंचा हात उठला. वाटी फरशीवर उपडी. इसाकभाईंच्या बायकोनं, भाभींनी, ओढणी नाकाला लावली.

"भाईसाब, ये तो मय्यत का बास आरा. हमारे में मय्यत कू काफूर लगाते."

काका खाली बसून आपल्या रुमालानं फरशी पुसू लागले. फरशी कोरडी झाली तरी पुसतच होते. "जित्या मानसाला मी..." एवढंच बोलले.

भाभींनी चहा दिला, वर एक लवंग. काकांनी ती दाताखाली धरली आणि चघळता चघळता थांबले.

"येडा हाय मी," गाडीवर बसताना म्हणाले. "तिकिटं तिकिटं वरडून घसा बसू ने म्हनून ह्यो दिवसभर लवंगा चघळायचा. लवंगाची पुडी आन् साबनाची डबी एकाच पिशवीत. मला वाटायचं, साबनालाच त्यो वास हाय."

गुरुवारी लवंगेच्या तेलाचा एक थेंब घातलेली, अजून ओलसरच वडी घेऊन आम्ही पुन्हा गेलो. मुलगा दारात मशीन चार्जिंगला लावत होता. काकांनी त्याच्याकडे न बघता फेस काढला.

हात उठला. काकांनी ब्रश मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. हात आला आणि काकांच्या मनगटावर टेकला. थोड्या वेळानं इसाकभाईंनी हनुवटी वर केली.

 काकांनी आधी दोन्ही गाल, मग हनुवटी घोटली. मुलानं मशीनची वायर गुंडाळून ठेवली. भाभींनी आरसा समोर धरला.

वाटीत फेस उरला होता. मी ती उचलायला गेलो.

"ऱ्हाऊ दे."

काकांनी वाकून आरशात इसाकभाईंच्या शेजारी आपलं तोंड बसवलं, आणि सकाळीच घोटून आलेल्या गालांवर त्याच ब्रशनं सावकाश फेस लावायला लागले.