साहेब नेमके किती वाजता आले

तिसरीच्या बारा मुलांना एकाच दिवशी दोन गोष्टी शिकवायच्या, असं नाझनीन मॅडमनी ठरवलं. एक म्हणजे घड्याळ बघणं, दुसरी म्हणजे वाचनालयात जाऊन माहिती शोधणं. प्रत्येक जोडीला एक प्रश्न. जोडीनं पुस्तकातून उत्तर शोधायचं आणि कधी सुरू केलं, कधी संपवलं ते वहीत लिहायचं. हे बघायला विस्तार अधिकारी सानप साहेब अकराला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर शाळेला पुस्तकांचं नवं कपाट मिळण्यासारखं होतं.

"आपण पावणेअकराला तिथं पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"अकरा पावणे येनार?" मागून कुणीतरी विचारलं. "मंग मोठी सतरंजी लागंल."

मॅडमनी फळ्यावर घड्याळ काढून सव्वा, साडे, पावणे पुन्हा समजावलं. साडेदहाची घंटा झाली तशी वरात निघाली. आपला मोबाईल चार्जिंगला शाळेतच राहिला, हे मॅडमना वाचनालयाच्या पायरीवर आठवलं.

वाचनालयाची शिपाई कडूबाई दार उघडून बसली होती. पण कपाटाच्या कुलपात किल्ली फिरेना. दोघी खोबरेल तेल घेऊन त्या कुलपाला भिडल्या. कैनात नावाची मुलगी तेवढ्यात वेळ लिहायला भिंतीवरच्या घड्याळाखाली गेली आणि विचारात पडली. शाळेतून निघताना साडेदहा वाजले होते. इथं दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मॅडम, दोन ठिकानी येगळं-येगळं असलं तर खरं कुठलं धरायचं?"

पोरगी पुस्तकांबद्दल विचारतेय असं वाटून मॅडमना भरून आलं. कुलपावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "तिसऱ्या ठिकाणी बघायचं. आणि कुठं बघितलं ते लिहून ठेवायचं."

"भाएर जाऊन बघू?"

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं होती. "बघ की. सगळ्यांनाच ने."

कुलूप उघडलं तेव्हा मॅडमनी हात पुसत मागे पाहिलं. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. बाहेरच्या खोलीतही नव्हतं. पायरीवर एकही चप्पल नव्हती.

त्या धावतच समोरच्या मशिदीपाशी गेल्या. बाबाजान चाचा अंगण झाडत होते.

"आली हुती की. आत पाटीवर सहा घड्याळं हायेत, त्यात खरं कोनतं म्हनून विचारत हुती. म्हनलं, पाच नमाजच्या वेळा दावायला हायेत, ती चालत न्हाईत. चालतं ते एकच. तरी पोरांनी सहाच्या सहा लिहून घेतली."

"मग गेली कुठं?"

"अजून एक पुरावा पायजे म्हनली. छगनकडं धाडली."

छगनचं दुकान घड्याळदुरुस्तीचं. तो कपाळाला हात लावून बसला होता.

"मॅडम, भिंतीवर सत्तावीस घड्याळं हायेत आन् सत्तावीस वेळा. एकेकाचं कारन विचारलं मला. गिऱ्हाइकं परत गेली. शेवटी बरोबर चालनारं एक गजराचं घड्याळ हातात दिलं आन् वाटेला लावली."

मॅडम घामाघूम होऊन वाचनालयात परतल्या, तर सानप साहेब खुर्चीत बसून पाणी पीत होते. भिंतीवर बरोबर अकरा वाजले होते.

"मिरजगावला चहाला थांबलो तेव्हा वाटलं, उशीर होतोय," साहेब त्या घड्याळाकडे प्रेमानं बघत म्हणाले. "पण आलो बघा वेळेवर. मुलं कुठं आहेत?"

मॅडम दाराकडे वळल्या, तोच बाराजणं रांगेनं आत आली. पुढं कैनात, गजराचं घड्याळ पोटाशी धरून. साहेबांनी भेटीच्या वहीत 'अकरा' लिहिलं, ते तिनं मान वाकडी करून वाचलं.

"सर, अकरा चाळीस झाल्यात."

"हे घड्याळ काय सांगतंय मग?" साहेबांनी भिंतीकडे बोट केलं.

"ते चाळीस मिनिटं मागं हाय. मशिदीतलं चालू घड्याळ आन् हे, दोन्ही जुळत्यात. शाळेची घंटा पन जुळती." तिनं वही पुढं केली. तीन पानं वेळांनी भरली होती. बंद घड्याळांपुढं 'उपयोग नाही' असं लिहिलं होतं.

साहेबांनी तिन्ही पानं वाचली. मग 'अकरा' खोडून 'अकरा चाळीस' लिहिलं आणि खाली शेरा मारला: 'मुलांना माहिती पडताळता येते. वेळ फारच चांगली कळते. कपाट द्यावे.'

ते गेल्यावर मॅडमनी घड्याळाची चौकशी केली.

"बंद पडलं हुतं. सकाळी सेल टाकला," कडूबाई म्हणाली. "काटं आपलं आपन जागेवर येत न्हाईत व्हय?"

"मग वाचनालय उघडता-बंद करता कशावर?"

"उनावर."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कैनातला कडूबाईजवळ बसवलं. मोठा काटा, छोटा काटा, आकडे असं करत शिकवणी रंगली.

"आन् पाच मिनिटं म्हंजे?" कडूबाईनं विचारलं.

"मोठा काटा एका आकड्यावरनं दुसऱ्यावर गेला की झाली."

"एवढीच?" कडूबाईनं पुन्हा काट्याकडे बघितलं. "त्या पेपर वाचत बसनाऱ्या श्रीमंततात्यांची पाच मिनिटं तर मावळतीपतुर चालत्यात."

दुसऱ्या दिवशी बंद करायच्या वेळी पेपरमागून श्रीमंततात्यांनी नेहमीसारखं म्हटलं, "पाचच मिनिटं, कडूबाई."

कडूबाई खुर्ची ओढून घड्याळाखाली बसली. काटा पुढच्या आकड्यावर टेकताच ती उठली आणि तात्यांच्या हातातला पेपर काढून घेऊन नीट घडी घालू लागली.