टिकारामचा पक्का डाग

गोंदियाच्या बाजारात तारेचं काम करणारे तिघं होते. पण टिकारामला विचाराल तर एकच! बाकीचे दोघं नुसती तार वाकवायचे. 'काम' फक्त टिकाराम करायचा. उंदरांचे पिंजरे, चाळण्या, कंदिलाच्या जाळ्या, जे म्हणाल ते. आणि तारांच्या जोडावर कथील ओतून डाग असा द्यायचा, की तार तुटेल पण डाग सुटणार नाही.

"वस्तू दाखवायचीच गरज नाही मले," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "नुसतं नाव सांगा!"

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या पौषात दरेकशाच्या जंगल बंगल्याचा चौकीदार ईश्वरदास सकाळच्या गाडीनं गोंदियात आला आणि टिकारामच्या दुकानापुढे येऊन बसला. हातात गाठी मारलेली सुतळी, चेहरा मयतीहून आल्यासारखा.

"टिकारामजी, हीटरचा गार्ड पाहिजे."

टिकारामला गार्ड म्हटलं की रेल्वेचाच आठवायचा. पण चेहऱ्यावर काही न दाखवता तो म्हणाला, "कोणत्या मापाचा?"

मग हळूहळू उलगडा झाला. बंगल्यात मातीच्या तेलावर, म्हणजे रॉकेलवर, चालणारी एक विलायती शेगडी होती. गोरा साहेब जाताना ती टाकून गेला होता. ती भोवती ऊब द्यायची, आणि कोणाचा कपडा लागू नये म्हणून तिच्यावर तारेची जाळी असायची. तोच गार्ड. तो गंजून खलास झाला होता. मागच्या हिवाळ्यात एका पाहुण्याच्या शालीचं टोक जळालं. आता शनिवारी जंगल खात्याचे मोठे साहेब बाईसाहेबांना घेऊन येणार होते, आणि त्यांनी आधीच निरोप धाडला होता, की गार्ड नसेल तर चौकीदारही नवा पाहू!

"घेर ह्या गाठीपर्यंत, उंची त्या गाठीपर्यंत," ईश्वरदासनं सुतळी पुढे केली. "पण तुम्ही एकडाव येऊन हीटर पाहून घ्या ना जी."

"कायले?" टिकाराम हसला. "डॉक्टर नाडी पाह्यते, पोट फाडून पाह्यते का?"

आतून त्याची बायको शांतीबाई म्हणाली, "अजी, चार टेसनं तं आहे. पाहून या ना."

"तू भात पाहा, मी तार पाह्यतो!"

तीन दिवस टिकाराम त्या जाळीवर वाकलेला होता. खाली गोल कडं, वर देवळाच्या कळसासारखा घुमट, आणि जिथं जिथं तारेवर तार येईल तिथं टपोऱ्या मोत्यासारखा कथलाचा डाग. एकशे बारा डाग! वरून चांदीचा रंग. जाळी अशी चमकली, की शेजारचा सोनार उठून पाहायला आला. हिच्यात देव बसवता आला असता!

शनिवारी टिकाराम जाळी मांडीवर घेऊन गाडीत बसला. समोरच्या बाईनं विचारलं, "कोंबड्या झाकाले केली का गा?"

"साहेब झाकाले!" टिकाराम ताठ्यानं म्हणाला. पुढे दरेकशापर्यंत त्याच्याशी कोणी बोललं नाही.

तो बंगल्यावर पोचला तेव्हा साहेब आधीच येऊन बसले होते. अंगावर कोट, कोटावर शाल, तरी दात वाजत होते. बाईसाहेब कानाला मफलर गुंडाळून चहा पीत होत्या. ईश्वरदासनं शेगडी पेटवली, टिकारामनं जाळी वर ठेवली, आणि काय सांगू! टोपी डोक्यावर बसावी तशी बसली. सुताचाही फरक नाही!

"वा!" साहेब म्हणाले. "मजबूत आहे ना?"

इथं गप्प बसला असता तर तो टिकाराम कसला?

"साहेब, एकशे बारा डाग आहेत. वर हत्ती बसवा, एक सुटला तं नाव बदलीन!"

थोड्या वेळानं खोलीत धूर दिसू लागला. साहेब खोकले. "वास कसला येतो?"

"नवेपणाचा जी," टिकाराम म्हणाला. चांदीचा रंग फोडासारखा फुगत होता.

मग आवाज आला. टप्.

"काय पडलं?" बाईसाहेबांनी विचारलं.

"पाल असन जी," ईश्वरदास म्हणाला.

टप्. टप्. टुण्ण!

"एवढ्या पाली?"

टिकारामनं घुमटाकडे पाहिलं. मोती घामासारखे निथळत होते! तापलं की कथील वितळतं, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! दुकानात तो रोज तेच तर वितळवायचा! पण जी वस्तू रात्रंदिवस तापणार तिच्यासाठीच आपण जाळी करतोय, हे एकशे बारापैकी एकही डाग देताना त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

तो शेगडीला पाठ करून उभा राहिला आणि जोरजोरात बोलू लागला. "साहेब, यंदा धान कसं काय म्हणते? तळे भरले का जी?"

"बाजूला हो बघू," साहेब म्हणाले.

टुण्ण! टुण्ण! टणाण!

टिकाराम गर्रकन वळला आणि कोसळणारा घुमट त्यानं दोन्ही हातांनी धरला. पुढे काय झालं ते सांगायला नको. "अगा माय वो!" अशी आरोळी ठोकून तो खोलीभर नाचला. घुमट मांडी घालून बसला, कडं गडगडत साहेबांच्या खुर्चीखाली गेलं. साहेबांनी पाय वर घेतले. ईश्वरदासनं आग लागली समजून चहाची किटलीच शेगडीवर ओतली!

खोलीत काळपट वाफ पसरली. वाफेतून साहेबांचा आवाज आला, "ही असली जाळी कुठं पाहिली होतीस तू?"

"कोठंच नाही जी," टिकाराम रडकुंडीला येऊन म्हणाला. "हीटरच आज पाह्यलो."

बाईसाहेब इतक्या हसल्या, की मफलर सुटला. त्यांनीच खोबरेल मागवून टिकारामची बोटं त्यात बुडवली. तेवढ्यात त्याची नजर खिडकीबाहेर गेली. परसात वांग्याच्या रोपांवर शेळ्या येऊ नयेत म्हणून काहीतरी गंजकं पालथं घातलं होतं.

"ते काय होय?"

"जुना गार्ड," ईश्वरदास म्हणाला.

टिकाराम धावला. जाळी सडलेली होती, पण एकही जोड सुटलेला नव्हता. कथलाचा थेंबही नव्हता! नुसता तारेला तारेचा पीळ.

"मले हे काऊन नाही दाखोवलं?"

"तुम्ही म्हणले ना जी, पाहाची गरज नाही!"

टिकारामनं नवी जाळीही तशीच पिळायची ठरवली. पक्कड पिशवीत होती, सुट्या तारा जमिनीवर होत्या, फक्त त्याची बोटं कामातून गेली होती. ईश्वरदासनं पक्कड धरली, पण पहिल्याच पिळाला तार तुटली. थंडीला कंटाळलेल्या साहेबांनी पक्कडच त्याच्याकडून घेतली. "सांग, कसं करायचं."

आणि मग बंगल्याच्या व्हरांड्यात, उन्हात, मोठे साहेब मांडी घालून तार पिळू लागले! सुरुवातीला टिकाराम "जी, जी" करत होता. दहा मिनिटांत विसरला.

"उलटा नाही! सुलटा पिळा! पीळ देऊन राहिले का लाड करून राहिले?"

ईश्वरदासनं डोळे मिटून घेतले. पण साहेब निमूटपणे म्हणाले, "असा?"

"हां. असा."

सूर्य डोंगराआड जाईस्तोवर जाळी तयार झाली. एका अंगाला कलंडलेली, घुमटाला टेंगूळ आलेलं. पण पुन्हा पेटवलेल्या शेगडीवर ठेवली तर दोन तास झाले तरी जागची हलली नाही! साहेब तिच्यापुढे असे बसले, जणू घरात नातू जन्मला. ईश्वरदासच्या नोकरीचा विषय कोणी काढलाच नाही. रेंजरसाहेब भेटायला आले तेव्हा मोठे साहेब सहज म्हणाले, "ही जाळी? मी केली."

टिकारामच्या तोंडाशी आलेला शब्द बाईसाहेबांनी पुढे केलेल्या लाडवानं परत आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. बोटांवर फडकी गुंडाळलेली, पण स्वारी खुशीत! "काय सांगू तुले, मोठे साहेब माह्या हाताखाली काम शिकले!" शांतीबाईनं त्याच्या हातांकडे पाहिलं, ताट वाढलं, आणि डाळभाताचा घास कालवून त्याच्यापुढे धरला. "तोंड उघडा," असं तिला म्हणावंच लागलं नाही. ते दारातून आत आल्यापासून उघडंच होतं.